मशेरी, विडी आणि पोटातले बाळ

गरोदर स्त्रीने धूम्रपान करू नये, हे आता कोणीही सांगेल. "पण आमच्या घरात बाईमाणूस कुठे विडी ओढते?" असे म्हणून आपण मोकळे होतो. ते बरेचसे खरेही आहे. आपल्या माता-भगिनी विडी ओढत नाहीत, पण त्यांच्यातील कित्येक जणी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच होय. परंतु तिला आपण दात घासण्याची पूड समजतो.

माझ्या पत्नीला दिवस गेले आणि मळमळ सुरू झाली, तेव्हा आईने मायेने सांगितले, "सूनबाई, चिमूटभर मशेरी लाव, बरं वाटेल." आईला तिच्या सासूने हेच शिकवले होते. मी पदवीधर, बँकेत नोकरीला. तरी गप्प राहिलो, कारण मलाही ठाऊक नव्हते. मुलगी झाली ती जेमतेम दोन किलोची. कारण तेवढेच होते असे मी म्हणत नाही. परंतु "मशेरी लावता का?" असे परिचारिकेने विचारले, तेव्हा आम्ही तिघेही खाली मान घालून उभे होतो.

मशेरीतील निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी पडते. निकोटीन स्वतः वार ओलांडून बाळापर्यंतही पोहोचते. मुंबईतील 1217 गरोदर स्त्रियांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. तीत तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी आढळली आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाणही अधिक दिसले. त्या मातांपैकी बहुतेक जणी मशेरीच लावीत होत्या. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो.

विडी ओढणारा घरधनीही यातून सुटत नाही. एका खोलीच्या घरात त्याचा धूर पत्नीच्या श्वासात जातो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि बाळाचा प्राणवायू तेवढा कमी होतो.

"मशेरीशिवाय पोट साफ होत नाही," असे भगिनी सांगतात. ती सवय निकोटीनची आहे. सोडल्यावर काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, मग ओसरते. सकाळी कोमट पाणी प्यावे, साध्या टूथपेस्टने दात घासावेत आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. 1800112356 या राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला मोफत मिळतो. कोणत्याही महिन्यात सोडली तरी बाळाचा फायदाच आहे. बाळंतपणानंतरही पुन्हा सुरू करू नये, कारण निकोटीन अंगावरच्या दुधात उतरते.

हे केवळ सुनेला सांगून भागणार नाही. मशेरी भाजणारी सासू आणि विडी पेटवणारा नवरा, दोघांनाही समोर बसवून सांगितले पाहिजे. आमच्या घरी हे कोणी वेळेवर सांगितले नाही. म्हणून मी आज लिहीत आहे.