काउंटरवरची कॉफी

1 जून 2021 हा इटलीच्या पंचांगात सणाचा दिवस नव्हता. प्रजासत्ताक दिन दुसऱ्या दिवशी होता. तरीही त्या सकाळी मिलानपासून पालेर्मोपर्यंत लोक एका साध्या गोष्टीसाठी घराबाहेर पडले. बारच्या काउंटरला टेकून, उभ्याने कॉफी प्यायला त्या दिवसापासून पुन्हा परवानगी मिळाली होती.

तोवर कॉफी मिळत नव्हती असं नाही. कागदी कपात भरून नेता येत होती, 26 एप्रिलपासून बऱ्याच भागांत बाहेरच्या टेबलांवर बसूनही पिता येत होती. पण तिथल्या माणसाला कॉफी लागते ती काउंटरवरच. इटलीत बार हे मुळात सकाळी उघडणारं कॉफीचं दुकान असतं. आत शिरताना सगळ्यांना उद्देशून नमस्कार करायचा, ‘उन काफे’ म्हणायचं. मग पलीकडचा माणूस दांड्याची गाळणी ठोकून जुना चोथा काढतो, जेमतेम सात ग्रॅम ताजी पूड भरतो आणि पंचवीसेक सेकंदांत जाड कपाच्या तळाशी दोन-तीन घोटांची कॉफी उतरते. सोबत अनेक ठिकाणी पाण्याचा छोटा पेला येतो. तीन घोट, शेजारच्याशी हवेबद्दल किंवा फुटबॉलबद्दल चार वाक्यं, एक ते दीड युरो, आणि माणूस कामाला लागतो. हा सगळा कार्यक्रम पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांत गल्लीत कोण आजारी आहे, कोणाचं दुकान उठलं, कोणाच्या मुलीला नोकरी लागली हे कळतं. कोरोनाच्या साथीने नेमकं हे तोडलं होतं.

इटलीची टाळेबंदी युरोपात सर्वांत आधीची. फेब्रुवारी 2020 च्या तिसऱ्या आठवड्यात मिलानच्या आग्नेयेला असलेल्या कोदोन्यो या छोट्या गावी स्थानिक संसर्गाचा पहिला रुग्ण सापडला. 9 मार्चच्या रात्री पंतप्रधान जुझेप्पे काँते यांनी अख्ख्या देशाला घरी थांबायला सांगितलं. दोनच दिवसांनी बार आणि रेस्तराँ बंद करायचा निर्णय आला. 4 मेपासून पदार्थ बांधून न्यायला मुभा मिळाली, 18 मे रोजी खाणावळींची दारं उघडली, 3 जूनला एका प्रांतातून दुसऱ्यात जाता येऊ लागलं. शरद ऋतूत साथ परतली तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस नवा नियम आला : बार-रेस्तराँ संध्याकाळी सहाला बंद. सहा म्हणजे इटलीत संध्याकाळची सुरुवात. दिवसाचं काम आटोपून एखादं कडवट-गोड पेय, ऑलिव्ह आणि खारवलेले शेंगदाणे घेऊन मित्रांसोबत चौकात थांबायची ती वेळ. तेवढी एक वेळ नकाशावरून पुसली गेली आणि लोकांची दिवसाची घडीच विस्कटली.

घरातलं खाणं मात्र थांबलं नाही. 2020 च्या वसंतात दुकानांतून मैदा आणि यीस्ट दिसेनासं झालं, कारण घराघरांत पाव, पिझ्झा आणि हातचा पास्ता होऊ लागला. नेपल्सची गोष्ट अधिक बोलकी आहे. पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारशात स्थान दिलं, ते याच शहराच्या परंपरेसाठी. पण तिथल्या प्रांतिक सरकारचे नियम इतरांपेक्षा कडक होते. घरपोच पिझ्झासुद्धा 27 एप्रिलपर्यंत मिळत नव्हता. त्याच काळात जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये वरच्या मजल्यांवरून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली सोडलेल्या दिसू लागल्या. पास्ता, टोमॅटोचे डबे, पाव त्यात ठेवलेले असत. सोबत चिठ्ठी असे : ज्याला जमेल त्याने टाकावं, ज्याला नाही जमत त्याने घ्यावं. अनोळखी माणसासाठी एका कॉफीचे पैसे आगाऊ भरून ठेवायची रीत या शहरात पूर्वीपासून आहे. टोपली त्याच स्वभावातून आली.

म्हणून मला वाटतं, या देशात खाण्यासाठी जायचं तर पदार्थांच्या यादीआधी तिथल्या वेळा पाहाव्यात. कुठल्या प्रहरी लोक कुठे उभे असतात, कुठे बसतात, काय मागवतात. टाळेबंदीत इटालियन माणसाने जे गमावलं आणि नंतर हट्टाने परत मिळवलं, ते चारचौघांतलं खाणं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये रेस्तराँच्या आतल्या टेबलांसाठी लस घेतल्याचं, चाचणी नकारात्मक आल्याचं किंवा आजारातून बरं झाल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, तेव्हा काउंटरवरची कॉफी सुरुवातीला या सक्तीतून वगळली होती. तिचं महत्त्व सरकारलाही ठाऊक होतं.

या नजरेने पाहायचं तर सुरुवात बेर्गामोपासून करावी. 18 मार्च 2020 च्या रात्री लष्कराच्या ट्रकांची रांग शवपेट्या घेऊन शहराबाहेर निघाली ते हेच गाव. तिथल्या स्मशानभूमीत जागा उरली नव्हती. ते छायाचित्र आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आलं होतं. पण साथ येण्याच्या काही महिने आधी, 2019 मध्ये, बेर्गामोला युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला होता, मुख्यतः आजूबाजूच्या आल्प्सच्या खोऱ्यांतल्या चीजसाठी. ही दोन्ही बेर्गामो एकाच वेळी खरी आहेत. साथीचा सर्वाधिक मार खाल्लेल्या बेर्गामो आणि ब्रेशिया या शेजारी शहरांना 2023 साठी मिळून ‘इटलीची सांस्कृतिक राजधानी’ ठरवलं गेलं, तेव्हा त्या निर्णयामागे साऱ्या देशाची भावना होती.

आपले बरेच प्रवासी स्वस्त विमानाने बेर्गामोच्या विमानतळावर उतरतात आणि तिथूनच बसने मिलान गाठतात. असं करू नये. केबलच्या छोट्या रेल्वेने टेकडीवरच्या तटबंदीतल्या जुन्या गावात जावं. तिथे वेशीजवळच्या ‘ला मारियाना’मध्ये 1961 साली एन्रिको पनात्तोनी यांनी दुधाच्या आइस्क्रीमवर वितळलेलं चॉकलेट सोडलं, थंडीने ते आखडलं, फिरत्या पात्याने त्याचे बारीक तुकडे झाले आणि जगभर पोहोचलेलं ‘स्त्राच्यातेल्ला’ तयार झालं. एक कप हातात घेऊन तटावरून खालचं मैदान बघत चालावं. जेवायला मक्याच्या पिठाची पोलेंता घ्यावी, तीवर वितळतं तालेज्जो चीज. पोलेंता तांब्याच्या भांड्यात पाऊण-एक तास सारखी ढवळावी लागते. चांगल्या खाणावळीत ती ताटलीत पडते तेव्हा अजून सैल असते, मिनिटभरात घट्ट होते, आणि कडेने चीजचा पिवळट ओघळ धरतो. गरम असतानाच खायची.

फ्लोरेन्समध्ये साथीने एक जुनी गोष्ट जागी केली. तिथल्या श्रीमंत घराण्यांच्या वाड्यांना, रस्त्याच्या बाजूला, कमानीच्या आकाराच्या अगदी छोट्या खिडक्या आहेत. एक बाटली आणि एक हात जाईल एवढ्याच. शहरात अशा 150 हून अधिक खिडक्या सापडल्या आहेत. सोळाव्या शतकापासून ही घराणी आपल्या मळ्यांतली वाइन मध्यस्थाशिवाय त्यांतून विकत. 1630 च्या प्लेगमध्ये या खिडक्यांचा दुसराच उपयोग झाला. फ्रान्चेस्को रोंदिनेल्ली याने त्या साथीचा जो वृत्तान्त लिहिला, त्यात विक्रेते ग्राहकाला न शिवता वाइन देत, नाणी धातूच्या फाळक्यावर घेत आणि व्हिनेगरने धूत, असं नोंदलेलं आहे. पुढे बहुतेक खिडक्या बुजल्या, काहींना टपालपेटीचं रूप आलं. 2020 च्या उन्हाळ्यात मात्र शहरातल्या काही दुकानांनी आपापल्या खिडक्यांतून वाइन, कॉफी, आइस्क्रीम द्यायला सुरुवात केली. आता त्यांपुढे पर्यटक फोटोसाठी रांगा लावतात. रांगेला माझी हरकत नाही, पण खिडकीशेजारची दगडी पाटी वाचावी. काहींवर वाइनविक्रीच्या वेळा कोरलेल्या आजही दिसतात.

टाळेबंदीत सगळं थांबलं असं आपण सहज म्हणतो. गाई मात्र थांबत नाहीत. पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना या पट्ट्यात पार्मिजानो रेज्जानो चीज तयार होतं, आणि त्याचं दूध रोज दोनदा काढावं लागतं. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट टाक्यांत ठेवतात. सकाळी वर आलेली साय काढून त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात. तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढईत ते फाटतं, लांब तारेच्या झाऱ्याने गव्हाच्या दाण्याएवढे कण होईतो फोडतात, 55 अंशांपर्यंत तापवतात. कण तळाशी बसून एकजीव होतात. मग दोघं जण जाड कापड घालून तो गोळा वर उचलतात आणि सुरीने दोन भाग करतात : प्रत्येकाचं एक चक्र होणार. सुमारे 550 लिटर दुधाचं साधारण 40 किलोचं एक चक्र. त्यानंतर मिठाच्या पाण्यात काही आठवडे, आणि लाकडी फळ्यांवर निदान बारा महिने. वर्ष भरलं की परीक्षक छोट्या हातोडीने चक्रावर सगळीकडून ठोकून आवाज ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाज बदलतो. सगळीकडे सारखा आला तरच डाग देऊन शिक्का मारतात.

मार्च 2020 मध्ये, रस्ते ओस पडलेले असताना, ही चक्रं रोज तयार होत होती. त्यांतली चोवीस महिने मुरवलेली 2022 च्या मार्चमध्ये खायला तयार झाली. त्याच महिन्याच्या शेवटी, 31 मार्च 2022 ला, इटलीतली साथीची आणीबाणीची स्थिती संपली. चीजसाठी दूध देणाऱ्या गोठ्यांतल्या कामात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत 1980-90 च्या दशकांपासून पंजाबहून आलेले शीख कामगार पहाटेचं दूध काढतात. रेज्जो एमिलियाजवळच्या नोव्हेल्लारा गावात 2000 साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला. शेती-दुग्धव्यवसाय टाळेबंदीतही चालू होता, त्यामुळे हे लोक रोज कामावर होते. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना मनापासून : पार्मिजानो वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात. पास्त्यावर ‘फक्त चीज’ घातलंय म्हणून तो आपल्या अर्थाने शाकाहारी ठरत नाही. चीज नको हे मागवतानाच सांगावं. इटलीत त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

शाकाहारी माणसाने तिथे उपाशी राहायचं मात्र कारण नाही. जिनोआत हरभऱ्याच्या पिठाचा, ऑलिव्ह तेलात भट्टीत भाजलेला पातळ फारिनाता मिळतो. पालेर्मोच्या बाजारात पानेल्ले मिळतात : हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, कापून तळलेले. पाटवडी तळून पावात घातली तर जे होईल, ते हेच, फक्त फोडणीऐवजी पार्सली आणि वरून लिंबू. बाल्लारोच्या बाजारात उभ्यानेच खावे. बसायला खुर्ची शोधू नये.

आपल्याकडच्या युरोप सहलींमध्ये मराठी जेवणाची सोय हे मोठं आकर्षण असतं, आणि वृद्ध आईवडिलांना घेऊन जाताना ते मला पूर्ण पटतं. पण संपूर्ण सहलीत इटालियन टेबलावर एकदाही न बसता परतणं हे नुकसानच. एक दिवस मोकळा ठेवावा. बोलोन्यामध्ये सकाळी जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत जावं, जिथे बायका अजूनही लांब लाटण्याने पास्त्याचं पातळ पान लाटतात. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातच्या आधी नाही. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं. बिलात माणशी एक-दोन युरो बैठकीचे लागतात, ते फसवणूक म्हणून लावलेले नसतात. स्टेशनवरच्या किंवा गजबजलेल्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवावी. ऑगस्टच्या मध्याला जाऊ नये : 15 तारखेच्या आसपास कितीतरी कुटुंबांच्या खाणावळी आठवडा-दोन आठवडे कुलूपबंद असतात.

10 डिसेंबर 2025 ला दिल्लीत लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक चालू होती. त्या एकाच दिवशी अमूर्त वारशाच्या यादीत दोन गोष्टी घातल्या गेल्या : आपली दीपावली आणि इटलीची पाककला. इटलीच्या बाजूने कुठल्या एका पदार्थाचा दावा नव्हता. एकत्र स्वयंपाक करण्याची, एकत्र जेवण्याची आणि ते मुलांना शिकवण्याची रीत त्यात मांडलेली होती. दिवाळी यादीत जाण्यामागेही घराघरांतला असाच वहिवाटीचा भाग आहे, म्हणून ही जोडी मला सुखावून गेली.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांचा हंगामही नेमका साधतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिएमोंतेतल्या आल्बा गावी पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक अळंबीची, जत्रा भरलेली असते. ट्रफल महाग असतं. अंड्यावर किंवा बारीक पास्त्यावर पाच-सहा चकत्या किसून घेतल्या तरी पुरे. रस्त्याच्या कोपऱ्यांवर जाळीवर चेस्टनट भाजत असतात, आणि तोस्काना-उम्ब्रियातल्या तेलघाण्या रात्रंदिवस चालू असतात. नव्या तेलासाठी थेट घाण्यावर जावं. ते गडद हिरवं आणि घशाला तिखट लागतं. भाजलेल्या पावावर लसूण घासून, मीठ घालून, त्यावर ओतून देतात. डबा विकत घ्यायचा तर त्याच हंगामाचं वर्ष छापलेलं पाहून घ्यावा, आणि घरी आल्यावर उन्हापासून दूर ठेवून वर्षभरात संपवावा.