घराची दिशा आपल्या उन्हाला विचारा

फेंगशुईत दक्षिण शुभ, तर आपल्याकडच्या वास्तुसल्ल्यात ती टाळण्याजोगी. दोन्ही नियम आपापल्या मुलुखाच्या हवामानातून आले आहेत. मग छत्रपती संभाजीनगरच्या घरांनी कोणाचे ऐकायचे?

छत्रपती संभाजीनगरात घर घेताना किमतीच्या आधी दिशेची चौकशी होते. सिडकोतले जुने रो-हाऊस असो की बीड बायपासच्या बाजूचा नवा फ्लॅट, दार दक्षिणेकडे आहे म्हटले की गिऱ्हाईक विचारात पडते. घर घेऊन झाले की दुसरा टप्पा सुरू होतो: दारावर विंड चाइम, बैठकीत हसणारा बुद्ध, तिजोरीपाशी तीन पायांचा बेडूक, ईशान्येला छोटे कारंजे. वास्तुशास्त्र आणि फेंगशुई या दोन वेगळ्या परंपरांची आपल्या घरांत अशी सरमिसळ झाली आहे, आणि ती करताना दोन्हींतला मुख्य भाग मागे राहिला आहे. घर मांडण्याची चिनी विद्या मुळात जमीन, वारा, पाणी आणि सूर्य वाचण्याची पद्धत होती. ती पद्धत घ्यायची असेल तर मराठवाड्याचे ऊन आणि वारा वाचावा लागेल. तिथल्या दिशा आणि वस्तू उचलून इथे ठेवणे म्हणजे त्या विद्येचा गाभा सोडून टरफल घरी आणणे होय.

फेंगशुईचा विचार फक्त घरापुरता नव्हता, थडग्याच्या जागेसाठीही होता. परंपरेने चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्वो पू या विद्वानाच्या नावावर सांगितला जाणारा ‘झांगशू’ हा ग्रंथ दफनाची जागा कशी निवडावी हे सांगतो. वाऱ्याने प्राणशक्ती विखुरते आणि पाण्यापाशी ती थांबते, हा त्यातला मूळ विचार. त्यातून जागेची कसोटी ठरली: पाठीशी डोंगर, दोन्ही बाजूंना उतरत्या टेकड्यांचा आडोसा, समोर मोकळी जागा आणि वाहते पाणी. उत्तर चीनमध्ये ही कसोटी अनुभवाला चोख उतरते. हिवाळ्यात मंगोलियाकडून येणारे बोचरे वारे उत्तरेकडून घुसतात, म्हणून पाठ उत्तरेला हवी. ऊब दक्षिणेकडून येते, म्हणून तोंड दक्षिणेला हवे. बीजिंगमधल्या पारंपरिक चौकाच्या घरांत मुख्य दालन उत्तरेला बांधून त्याचे तोंड दक्षिणेकडे ठेवत. १४०६ ते १४२० या काळात उभारलेल्या तिथल्या राजवाड्याचे मुख्य दारही दक्षिणेलाच आहे, आणि उत्तरेला आडोसा म्हणून जिंगशान ही टेकडी मुद्दाम रचली आहे. खंदक खणताना निघालेली माती तिच्यासाठी वापरली गेली. डोंगर नव्हता, तर त्यांनी तो तयार केला. नियमामागचे कारण त्यांना ठाऊक होते, याचा हा पुरावा आहे.

आता हाच नियम आपल्याकडे आणून पाहू. बीजिंग साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, छत्रपती संभाजीनगर २० अंशांच्या किंचित खाली. डिसेंबरच्या शेवटी बीजिंगमध्ये माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत खोलवर शिरतो. थंडीने गारठलेल्या घराला त्याहून मोठी देणगी नाही. आपल्याकडे घराला उन्हापासून वाचवायचे असते. भारतीय परंपरेने दक्षिण यमाला दिली आणि पूर्व-उत्तर मोकळी ठेवायला सांगितली. ईशान्य हलकी व खुली ठेवा, नैर्ऋत्येला जड भिंती आणि अडगळीच्या खोल्या ठेवा, हा सल्ला उष्ण प्रदेशात समजण्यासारखा आहे. सकाळचे कोवळे ऊन आत येते आणि दुपारनंतरचा तडाखा जाड भिंतीवर अडतो. एकाच दिशेला चीनने शुभ ठरवले आणि आपण अशुभ, याचा अर्थ दोघांपैकी एक खोटा असा होत नाही. दिशेत स्वतःची अशी पुण्याई नसते, ती तिथल्या सूर्याकडून आणि वाऱ्याकडून येते. मेलबर्नला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या बाबतीत तर हिशेब पुरता उलटतो. तिथे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो आणि ऊबही उत्तरेकडून येते.

आपल्या शहरापुरता हिशेब मांडला की आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस पाहायला मुले अंगणात काठी रोवतात, आणि त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आकाशाच्या किंचित उत्तर भागात राहतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन फारसे पडतच नाही. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला, तर मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती दिवसभर सावलीत राहते. डिसेंबरमध्ये सूर्य ४७ अंशांपर्यंतच चढतो, तेव्हा छज्ज्याखालून तेच ऊन आत येते आणि थंडीत हवेसे वाटते. याउलट पश्चिमेचे ऊन तिरपे असते, छज्ज्याला ते जुमानत नाही. मे महिन्यात दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत ते भिंत भाजते, आणि भिंतीत साठलेली उष्णता रात्री झोपायच्या खोलीत उतरते. तरीही पश्चिममुखी घर सहज विकले जाते आणि दक्षिणमुखी घरासाठी भाव पाडून मागितला जातो. भीती एका दिशेची आणि जाच दुसऱ्या दिशेचा, अशी आपली अवस्था झाली आहे. चांगला छज्जा असलेले दक्षिणेचे घर कोणी स्वस्तात देत असेल, तर या शहरात ते डोळे झाकून नाकारू नये.

या शहराची जागा ज्यांनी निवडली आणि वसवली त्यांनी वारा-पाण्याचे गणित उत्तम जाणले होते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावापाशी शहर उभे केले. उत्तरेला लेण्यांचा डोंगर, दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर आणि मधून वाहणारी खाम नदी, ही जागा चिनी जाणकारालाही पसंत पडली असती. पाणी कमी पडेल हे ओळखून डोंगराकडचे झरे जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले गेले. खापरी नळांतून उतारावर आलेल्या पाण्याने पाणचक्कीचे जाते फिरले. त्याच पाणचक्कीत जाऊन एक गोष्ट जवळून पाहावी. वरच्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली माणसे, आणि बाहेर उन्हाचा कहर असताना आत गारवा. खेड्यांतल्या माळवदाच्या घरांनी हेच काम मातीकडून करून घेतले. दोन-अडीच फुटांच्या भिंती, तुळयांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदात ठेवलेले साणे. दुपारची उष्णता त्या मातीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते आणि बाहेर वारा सुटलेला असतो. फेंगशुईला समांतर अशी आपली विद्या शोधायची असेल तर ती या हौदात आणि या माळवदात आहे.

आजच्या सिमेंटच्या घरात ती कशी वापरायची? वारा आणि पाणी एकत्र आणणारे यंत्र आपल्या घराघरांत आहे, ते म्हणजे कूलर. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी असते. ती ओल्या ताट्यांतून ओढली की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि थंड झोत आत येतो. पण कूलर पश्चिमेच्या खिडकीला, भर उन्हात बसवला तर तो तापलेलीच हवा ओढतो. उत्तरेला किंवा पूर्वेला, दुपारी सावलीत असलेल्या खिडकीला तो बसवावा. त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार बोटे उघडे ठेवावे, नाहीतर आत ओल साचते, अंग चिकट होते आणि ‘कूलर काम करीत नाही’ अशी तक्रार सुरू होते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात कारंज्यापेक्षा या पाण्याचा विचार आधी व्हायला हवा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी गाळून बोअरच्या भोवती मुरवले किंवा टाकीत साठवले, तरी ईशान्येच्या कारंज्यापेक्षा ते घराला अधिक लाभते.

घराच्या आतल्या मांडणीबद्दल फेंगशुईने सांगितलेले काही नियम मात्र जसेच्या तसे घ्यावेत, कारण त्यांची कारणे माणसाच्या देहात आणि सवयीत आहेत, अक्षांशात नाहीत. दारातून आत येताना वाट मोकळी असावी, चपलांचा ढीग आणि सायकल अंगावर येऊ नये. पलंग असा ठेवावा की पडल्या पडल्या दार दिसेल, पण तो थेट दाराच्या रेषेत नसेल. पाठीशी आधार आणि समोर नजर पोहोचेल अशी जागा माणसाला सुरक्षित वाटते, हा विचार इंग्लंडमधले भूगोलज्ञ जे अ‍ॅपलटन यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडला होता. शेगडी आणि सिंक एकमेकांना खेटून नसावेत असे फेंगशुई म्हणते, कारण अग्नी आणि पाणी यांचे वैर. आपल्या ओट्यावर या नियमाचे कारण रोज दिसते. फोडणीच्या तापल्या तेलात पाण्याचा एक थेंब उडाला की हातावर फोड येतो. दोघांमध्ये भाजी चिरण्यापुरती दोन फूट जागा असली की काम सोपे होते आणि धोका टळतो. आरशाचेही तसेच. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत असलेल्या रो-हाऊसमध्ये उजेड फक्त पुढून आणि मागून येतो. खिडकीसमोर लावलेला आरसा तो मधल्या अंधाऱ्या खोलीपर्यंत पोहोचवतो. हिरवाईबद्दलही पुरावा आहे. अमेरिकन संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. त्यासाठी काचेतल्या बांबूचा आग्रह नको. पश्चिमेला कडुनिंब लावता आला तर त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते आणि मे महिन्यापर्यंत सावली पुन्हा दाट होते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: हजारो वर्षांचा अनुभव खोटा कसा असेल? तो खोटा नाहीच. तो जिथे गोळा झाला तिथे खरा आहे, म्हणूनच तो दुसरीकडे तपासल्याशिवाय लावता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. हसणाऱ्या बुद्धाची मूर्ती ठेवून कोणाच्या मनाला बरे वाटत असेल तर बिघडले कुठे? मूर्तीने काही बिघडत नाही. ती गौतम बुद्धांची नसून दहाव्या शतकातल्या पुताई नावाच्या चिनी भिक्षूची आहे, एवढे जाणून ती जरूर ठेवावी. बिघडते ते पुढे. दक्षिणेची चांगली खिडकी विटांनी बुजवली जाते, कर्ज काढून स्वयंपाकघर हलवले जाते, आणि घरात कोणी आजारी पडले की डॉक्टरआधी दिशेचा दोष शोधला जातो. कधी तो दोष नव्याने घरात आलेल्या सुनेच्या पायगुणापर्यंत जाऊन पोहोचतो. मनःशांतीसाठी घेतलेला सल्ला भीती वाढवू लागला की तो सल्ला राहत नाही. तिसरा आक्षेप भाडेकरूंचा आहे. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या माणसाला दिशा निवडायला मिळतेच कुठे? मिळत नाही, हे खरे आहे. म्हणूनच मांडणीचा विचार त्याच्या आवाक्यात आणायला हवा. मे महिन्यात दुपारी ४० अंशांच्या आसपास गेलेला पारा पहाटे २५ च्या जवळ उतरतो. दिवसा पश्चिमेची खिडकी बंद ठेवून बाहेरून पोते किंवा चटई टांगणे, रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, घरमालकाची परवानगी घेऊन गच्चीला पांढरा चुना मारणे आणि पलंग तापणाऱ्या भिंतीपासून दूर सरकवणे, यातले काहीही महाग नाही.

घर घेण्याआधी किंवा सामान हलवण्याआधी एवढे करा. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक खोलीत उभे राहा. ऊन कुठे पडते, वारा कुठून येतो आणि कुठून जातो, पाणी कुठे साचते, कोणत्या भिंतीला हात लावला की चटका बसतो, हे कागदावर लिहा. मग पलंग, ओटा, कूलर आणि पडदे यांची जागा ठरवा. सल्लागाराला बोलवायचेच असेल तर त्याच्या प्रत्येक सूचनेचे कारण विचारा, आणि जे कारण या शहराच्या उन्हात, वाऱ्यात किंवा पाण्यात दाखवता येणार नाही, त्यासाठी भिंत फोडू नका.