मध्यस्थ-पात्राची दृष्टी: ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’

वंशद्वेष आणि पोलिसी अत्याचार यांवरील अनेक इंग्रजी चित्रपटांत एक संकेत रूढ झालेला दिसतो. पीडित कृष्णवर्णीय असतो. त्याच्या दुःखाचा अर्थ लावण्याचे काम मात्र एखाद्या श्वेतवर्णीय पात्राकडे सोपविलेले असते. दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह बिको यांचा १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. तथापि रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘क्राय फ्रीडम’ (१९८७) या चित्रपटाचा उत्तरार्ध संपादक डोनल्ड वुड्स यांच्या देशाबाहेरील पलायनाने व्यापला आहे. अशा पात्रास प्रस्तुत लेखात ‘मध्यस्थ-पात्र’ म्हटले आहे.

आपल्याकडे वर्णाच्या जागी जात व जमात येते. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या ‘आक्रोश’ (१९८०) या हिंदी चित्रपटात भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील मध्यस्थ आहे. त्याचा अशील लहान्या भिकू हा आदिवासी. पत्नीच्या खुनाचा आरोप असूनही तो वकिलाशी बोलतच नाही. कुलकर्णी म्हणजे मुळात गावचे दप्तर लिहिणारा. येथे लिहून घेणारा समोर बसला आहे, पण जबानी मिळत नाही. अखेर बापाच्या चितेपाशी लहान्या धाकट्या बहिणीवर कुऱ्हाड चालवतो आणि किंकाळी फोडतो. मध्यस्थाला तिचे भाषांतर करता येत नाही. शिवाय सरकारी वकील दुसाने हा स्वतः आदिवासी असल्याने, जन्मावरून सहानुभूती ठरते हे सोपे समीकरणही मोडते. म्हणूनच मला हा चित्रपट ‘क्राय फ्रीडम’पेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

याच लेखक-दिग्दर्शकांच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) ही सावधता टिकत नाही. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात फौजदार अनंत वेलणकर याच्या मारहाणीने एक भुरटा चोर कोठडीत मरतो. वेलणकराचा बाप, त्याची प्रेयसी, त्याचा कोंडमारा हे सारे आपणांस तपशीलवार कळते. चोराच्या घरी कोण वाट पाहत होते, हे कळत नाही. खरडला काही पंजाबी विद्यार्थ्यांबरोबर हा चित्रपट पाहिल्यावर एका विद्यार्थिनीने चोराचे नाव विचारले. मला ते आठवले नाही. वीसेक वर्षे हा चित्रपट शिकवत असूनही!

लहान्या आणि वेलणकर या दोन्ही भूमिका ओम पुरी यांनीच केल्या आहेत. पहिल्या चित्रपटात जवळजवळ निःशब्द राहिलेल्या या नटाला दुसऱ्यात भरपूर संवाद मिळाले; तेव्हा त्याच्या अंगावर पोलिसाचा गणवेश होता.