घागर मोठी, की घागरी जास्त?



तुमच्या वर्गात पाढ्यांचा, फळांचा, नाहीतर पक्ष्यांचा तक्ता असेलच. पण स्वतः मोजलेल्या आकड्यांचा तक्ता कधी केलाय? वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या रिठदला आम्ही एकदा केला आणि चांगलेच फसलो. तीच गोष्ट आज सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. मुलांना म्हटलं, घरी दिवसाला किती घागरी पाणी लागतं ते मोजून आणा. आकडे आले. पण नुसते आकडे कोण वाचणार? म्हणून चित्रं काढायचं ठरलं. एका घरी १० घागरी लागत होत्या, दुसऱ्या घरी २०. मुलांनी पहिल्या घरासाठी एक घागर काढली. दुसऱ्यासाठी दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद घागर काढून छान निळी रंगवली. मीही 'शाब्बास' म्हणून तक्ता भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या घरची मुलगी हिरमुसून बसलेली. "सर, पोरं म्हणतात आमच्या घरी लय पाणी सांडतात."

तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "सर, हे घागर दुप्पट नाही, चौपट दिसून राह्यली!"

खरंच की! चौकटीच्या वहीत करून पाहा. २ चौकटी उंच आणि २ चौकटी रुंद चौकोनात ४ चौकटी बसतात. दोन्ही बाजू दुप्पट करा. आता १६ बसतील! आपला डोळा नुसती उंची पाहत नाही, चित्रानं व्यापलेली सगळी जागा पाहतो. आकडे खरे होते, चित्र मात्र खोटं बोललं.

आणखी एक चूक राहिली होती. पहिल्या घरी माणसं ५ आणि दुसऱ्या घरी १०. म्हणजे दोन्हीकडे माणशी २ घागरीच! त्या मुलीच्या घरावर उगाच आळ आला होता. तिची चूक नव्हती, मुलांचीही नव्हती. तक्ता न तपासता लावला, ती चूक माझी.

या चुकीवरचा उपाय फार पूर्वीच सापडला आहे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहरात ओटो न्यूराथ नावाचे विद्वान होते. सामान्य माणसाला आकडे कळावेत म्हणून त्यांनी १९२५ मध्ये तिथं एक संग्रहालय सुरू केलं. त्यांचा नियम सोपा होता : संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची चित्रं जास्त काढायची. ही पद्धत पुढे 'आयसोटाइप' नावानं जगभर गेली. तुमच्या गणिताच्या पुस्तकातला चित्रालेख तिचाच भाऊ!

नीट काढलेलं चित्र जीवसुद्धा वाचवतं बरं का. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये रंगीत आकृत्या छापून दाखवलं. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळा भाग केवढा मोठा होता, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळलं. लष्करी दवाखान्यांतल्या स्वच्छतेसाठी त्यांनी याच आकृत्यांच्या जोरावर आग्रह धरला.

आपल्याकडेही पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला गावकरी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. आकडे सगळ्यांना समजले, की भांडण कमी आणि विचार जास्त होतो.

मग, करायचा तुमचा तक्ता? एक कार्डशीट, पट्टी आणि दोन-तीन स्केचपेन पुरेत.

१. एकच प्रश्न निवडा आणि तोच शीर्षक म्हणून लिहा.
२. आकडे स्वतः मोजा. कधी आणि कुठे मोजले, ते खाली लिहा.
३. सगळी चित्रं एकाच आकाराची काढा. पुठ्ठ्याचा साचा कापून गिरवा. '१ चित्र = २ घागरी' असं प्रमाण कोपऱ्यात लिहा.
४. स्तंभालेख काढणार असाल, तर पट्टी शून्यापासून सुरू करा. मधूनच सुरू केली, तर लहानसा फरकही डोंगराएवढा दिसतो.
५. भिंतीवर लावण्याआधी एखाद्याला दाखवा आणि विचारा, "यातून तुला काय कळलं?"

आम्हीही तक्ता नव्यानं केला. घराऐवजी 'माणशी घागरी' असं शीर्षक दिलं. दोन्ही घरांपुढे दोन-दोन सारख्या घागरी आल्या. त्या काढल्या कुणी, माहीत आहे? त्याच हिरमुसलेल्या मुलीनं!