साचा एकदाच, नग हजार : रोमन काचेच्या ‘डोक्यां’कडून शिकूया धंद्याचं गणित



घरगुती साबणाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी मागच्या व्हिडिओखाली विचारलं होतं, “सर, चेहऱ्याच्या आकाराचा साबण काढायचाय. डाय बनवायला १२,००० रुपये सांगतायत. घालू का पैसे?” सरळ हो किंवा नाही म्हणण्याआधी तुम्हाला २,००० वर्षं मागे घेऊन जातो. कारण हाच प्रश्न रोमन काळातल्या काच कारागिरांपुढेही होता.

आधी काच महाग का होती?

पूर्वी काचेची बाटली करायची म्हणजे आतल्या गाभ्याभोवती वितळलेली काच चढवायची, थंड झाल्यावर गाभा खरवडून काढायचा. एकेका नगाला भरपूर वेळ लागायचा. त्यामुळे काच ही श्रीमंतांची वस्तू होती.

इसवी सनपूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे, म्हणजे आजच्या सीरिया, लेबनॉन, इस्राएल या पट्ट्यात, फुंकनळीचं तंत्र सापडलं. नळीच्या टोकाला मऊ काचेचा गोळा घ्यायचा आणि फुंकायचं. भांडं तयार! काच इतकी स्वस्त झाली की, रोममध्ये एका तांब्याच्या नाण्यात काचेचा पेला मिळतो, असं त्या काळचा भूगोलकार स्ट्रॅबो लिहून ठेवतो.

आता गंमत बघा. वस्तू स्वस्त झाली, सगळेच बनवू लागले, की काय होतं? भाव पडतो. मग आपला माल वेगळा दिसणार कसा?

साच्यात फुंकलेलं डोकं

इसवी सनाच्या पहिल्या शतकात उत्तर सापडलं : साच्यात फुंकणे. साचा दोन किंवा जास्त तुकड्यांचा. मऊ काच आत धरायची, फुंकर मारायची, काच साच्याच्या भिंतींवर दाबली जाते आणि सगळी नक्षी एका दमात उमटते. साचा उघडून भांडं काढायचं, मान आणि तोंड हाताने घडवायचं आणि हळूहळू थंड करायचं. घाई केली तर तडकतं.

या तंत्रात सगळ्यात लक्षात राहणारा माल म्हणजे माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या छोट्या बाटल्या. तेल, अत्तर ठेवायला. कुठे मेड्युसा, कुठे मद्याचा देव डायोनायसस, कुठे गुबगुबीत गालांचं पोर. काहींना तर पाठीला पाठ लावून दोन चेहरे! आजही संग्रहालयात अशी बाटली नीट पाहिली तर साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ दिसते.

यातून आपण काय घ्यायचं?

१. कष्ट साच्यात घाला. चेहरा कोरायला कुशल हात लागतो, पण तो एकदाच. नंतर प्रत्येक नगावर तो चेहरा जवळजवळ फुकट येतो. १२,००० चा साचा आणि ३०० नग, तर नगामागे ४० रुपये. तोच साचा ३,००० नगांना वापरला तर ४ रुपये. साचा स्वस्त की महाग, हे तो किती वेळा वापरणार यावर ठरतं.

२. ओळखीचा चेहरा निवडा. मेड्युसा कोण, हे तिथल्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागत नव्हतं. साचा वर्षानुवर्षं चालवायचाय, म्हणून आज आहे उद्या नाही अशा फॅशनवर तो करू नका.

३. साचा झिजतो. वापरून वापरून नाक-डोळे पुसट होतात आणि गिऱ्हाईक ते बघतं. म्हणून पहिल्या दिवसापासून नगामागे थोडी रक्कम नव्या साच्यासाठी बाजूला टाका. यालाच घसारा म्हणतात.

४. नाव टाका. एन्नियन नावाचा कारागीर याच काळात साच्यातच आपलं नाव कोरायचा : ‘एन्नियनने बनवलं’, ग्रीक भाषेत. काही भांड्यांवर तर विकत घेणाऱ्याची आठवण राहो, अशा अर्थाचे शब्दही आहेत. त्याचे पेले आणि सुरया इटलीपासून इस्राएलपर्यंत सापडल्या आहेत. नाव साच्यात असल्यामुळे लेबलचा वेगळा खर्च शून्य!

५. फुटलेलं फेकू नका. काच पुन्हा वितळते. रोममध्ये फेरीवाले फुटक्या काचेच्या बदल्यात गंधकाच्या काड्या द्यायचे, असा उल्लेख मार्शल या कवीने केलाय. आपल्या भंगारवाल्याचेच पूर्वज म्हणा ना! तुमच्या धंद्यातलं उरलेलं कुठे जातं, ते तपासा.

आणि हो, हा व्यापार आपल्यापासून फार लांब नव्हता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार भडोच बंदरात कच्ची काच आयात व्हायची. त्याच बंदराकडे आपल्या पैठण आणि तेरहून माल जायचा.

मग ताईंनी काय करावं?

समजा, चेहऱ्याच्या साबणाला साध्या साबणापेक्षा १० रुपये जास्त सुटतात. १२,००० वसूल व्हायला १,२०० साबण विकले पाहिजेत. महिन्याला १०० खपत असतील तर पूर्ण एक वर्ष. ताई, तेवढी वाट बघायची तयारी आहे का? नसेल तर आधी एक नमुना हाताने कोरा, त्यावरून साधा सिलिकॉनचा साचा घ्या आणि ५० नग विकून बघा. लोकांनी स्वतःहून दुसऱ्यांदा मागितला, तरच डाय करा. साचा चुकीचा नसतो, मागणी तपासायच्या आधी केलेला साचा चुकीचा असतो.

आजचा गृहपाठ : तुमच्या धंद्यातला ‘साचा’ कोणता, ते वहीत लिहा. डाय असेल, मसाल्याचं ठरलेलं प्रमाण असेल, ब्लाउजचं कटिंग असेल. त्याचा खर्च लिहा आणि नगांनी भागा. आकडा कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.

भेटूया!