धान्याच्या जस्ती कोठीचे गंजापासून रक्षण

कणगी किंवा पेव यांच्या मानाने जस्ती पत्र्याची कोठी उंदीर व ओल यांपासून धान्याचे अधिक चांगले रक्षण करते. तथापि पुष्कळ घरांत अशी कोठी थोड्याच वर्षांत तळाशी गंजते, तिला बारीक छिद्रे पडतात आणि खालचे धान्य बुरसते. मग पत्रा हलका निघाला असे समजून नवी कोठी आणली जाते व तीही त्याच जागी ठेवली जाते. वास्तविक दोष बहुधा पत्र्याचा नसून बैठकीचा असतो.

पत्र्यावरील जस्ताचा थर स्वतः झिजतो व आतील लोखंडास वाचवितो. सारवलेल्या जमिनीवर टेकलेल्या तळास हवा लागत नाही. जमिनीतून चढणारी ओल तेथे कोंडून राहते. जस्त संपले की लोखंड गंजू लागते. कोठी भरलेली असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून कोठी सुमारे एक फूट उंचीच्या विटांच्या चौथऱ्यावर किंवा लाकडी घडवंचीवर ठेवावी. चौथरा सिमेंटचा असल्यास तो पूर्ण वाळू द्यावा, कारण ओले सिमेंट जस्तास खाते. भिंतीपासून दीड फूट अंतर सोडावे. छप्पर गळत असेल तेथे किंवा उघड्यावर कोठी ठेवू नये.

ओल आतूनही येते. धान्यातील ओलावा 12 टक्क्यांहून अधिक नसावा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला तर तो वाळला, असा ढोबळ अंदाज घेता येतो. उन्हात वाळविलेले धान्य निवल्यावरच भरावे. गरम भरल्यास रात्री थंड पत्र्यावर आतून दव धरते.

दरवर्षी सुगीपूर्वी कोठी रिकामी करून आडवी करावी व तळ उन्हाकडे धरून तोंडातून पाहावे. छिद्र असल्यास प्रकाशाचा ठिपका दिसतो. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने खरवडून बाहेरून जस्तयुक्त रंग द्यावा. आतील बाजूस साधा तैलरंग लावू नये. तळ चाळणीसारखा झाला असेल, पण बाजू शाबूत असतील, तर कारागिराकडून खराब भाग कापून नवा जस्ती तळ रिव्हेटांनी बसवून घ्यावा. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर बाहेरून यावा, म्हणजे ओघळणारे पाणी सांध्यात शिरत नाही. कापलेल्या कडांवर जस्त उरत नाही; त्यांनाही हाच रंग द्यावा. कोठी पूर्ण वाळल्यावरच भरावी.

बुरसलेल्या धान्यात विषारी द्रव्ये असू शकतात. ते धुऊन वा दळूनही निर्धोक होत नाही. ते माणसांस व जनावरांस घालू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवी कोठी सुचविण्यापूर्वी जुन्या कोठीची जागा पाहावी. वर्षाचे अन्न आणि पुढील पेऱ्याचे बी ज्या कोठीत राहते, तिच्यासाठी चार ओळी विटांचा खर्च मोठा नाही.