सासवण्याचे करमरकर

मांडव्याच्या जेटीवर उतरून किनाऱ्याच्या रस्त्याने अलिबागकडे निघाले की थोड्याच वेळात सासवणे लागते. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली याच गावात झाला. त्यांची शिल्पे आजही त्यांच्या इथल्या घरात आणि अंगणात मांडलेली आहेत.

लहानपणी त्यांनी गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज रंगवले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस ते चित्र पडले. त्यांच्या मदतीने हा खेड्यातला मुलगा मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुढे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या आमंत्रणावरून ते कोलकात्याला गेले, तिथे त्यांचा जम बसला आणि १९२० मध्ये त्यांनी लंडनची रॉयल अकॅडमी गाठली.

युरोपातली शिल्पकला तेव्हा ढवळून निघाली होती. तुरीनमध्ये जन्मलेल्या मेदार्दो रोस्सो याने पॅरिसमध्ये राहून मेणात असे चेहरे घडवले होते की त्यांची कड भोवतालच्या उजेडात विरून जावी. दृक्प्रत्ययवादी शिल्प म्हणतात ते हेच. करमरकर या पंथाचे नव्हेत. शरीररचना, प्रमाण आणि तोल हा त्यांचा पाया. पण निसटता क्षण धरून ठेवण्याची ओढ त्यांनाही होती. त्यांच्या ‘शंखध्वनी’ या गाजलेल्या शिल्पाचा विषयच मुळी डोळ्यांना न दिसणारा आहे: श्वास आणि त्यातून उठणारा नाद.

रोस्सो वारला १९२८ मध्ये. त्याच वर्षी पुण्यात करमरकरांच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांचे अनावरण झाले. या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली होती. साडेतेरा फूट उंचीचा, सुमारे आठ टन वजनाचा हा ब्राँझचा पुतळा मुंबईत माझगावला ओतला गेला आणि तोही एकसंध. एवढ्या आकाराचे ओतकाम तुकड्यांत करून जोडणे सोपे असते. एकाच वेळी ओतायचे तर वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात थंड होण्याआधी पोचावा लागतो. कुठे हवा अडकली, की सगळी मेहनत वाया. भिंतीवर रंगवलेला तो घोडेस्वार असा धातूत उभा राहिला.

पुतळ्यांच्या मागण्यांनी करमरकरांना नाव दिले. त्यांचा जीव मात्र कळतो तो सासवण्यात. तिथे आहेत कोळणी, गावातली साधी माणसे, घरची मुले, जनावरे. यातले बरेचसे काम सिमेंटमधले आहे. मातीत घडवायचे, त्यावरून प्लॅस्टरचा साचा घ्यायचा आणि त्यात सिमेंट भरायचे. त्याला भट्टी लागत नाही, ओतारी लागत नाही, कुणा समितीची मंजुरी तर नाहीच. घर बांधायच्या सामानातून त्यांनी म्हशीच्या कातडीची सैल घडी आणि माणसाच्या गालाचा मऊपणा उभा केला, हे कौशल्य ब्राँझच्या घोड्याहून तसूभर कमी नाही.

१९६७ मध्ये करमरकर गेले. कुटुंबीयांनी शिल्पे विखुरू दिली नाहीत. राहत्या घराचेच संग्रहालय झाले. मातीकाम शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी इथे आणायला हवे. पुण्याचा पुतळा उंच चौथऱ्यावर आहे, त्याकडे मान वर करूनच पाहावे लागते. इथल्या शिल्पांभोवती फिरता येते, त्यांच्या जवळ जाता येते आणि गळ्याचा स्नायू खांद्याला कुठे मिळतो हे नीट न्याहाळता येते.